फाउस्तोनं जोडलेलं यंत्र

माझ्या नवऱ्याला कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. हल्ली इलोइलोतल्या आमच्या ला पाझ भागात लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारतात, "नोंग फाउस्तो, आमच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय, जरा बघता का?" नोंग म्हणजे मोठा दादा. आणि हा छाती काढून बघायला जातो. मला हसू आवरत नाही. ग्राफिक्स कार्डाला तो अजून इंजिन म्हणतो, मेमरीला टाकी म्हणतो आणि प्रोसेसरला कप्तान. सगळं उमेदीचं वय त्याचं इलोइलोहून सुटणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत गेलं. तेलवाला होता तो. यंत्रांना तेल घालायचं, पुसायचं, कान लावून ऐकायचं. त्या घरघराटानं उजवा कान कायमचा गेला. आमच्याकडे माणसं भांडतानासुद्धा गाणं म्हटल्यासारखी हळू बोलतात, त्यात ह्याचा आवाज म्हणजे बंदरावरचा भोंगा. गुपित सांगायला लागला तर चर्चमधला पाद्रीसुद्धा मान वळवून बघतो.

अशा माणसानं एक मोडका कॉम्प्युटर खेळायच्या लायकीचा कसा केला, त्याची ही गोष्ट. गोष्ट तशी कॉम्प्युटरची नाहीच. ती आमच्या नातीच्या तोंडून शब्द निघण्याची आहे.

आमची मुलगी रोवेना हाँगकाँगला एका घरात काम करते. स्वयंपाक, धुणं, पोरं सांभाळणं. नवरा तिला सोडून गेला तेव्हा थेया अजून बोबडं बोलत होती. पोरीला माझ्या मांडीवर ठेवून रोवेना विमानात बसली. तेव्हापासून थेयाला आम्ही दोघांनी वाढवलं. गुणी पोर, अभ्यासात बरी, पण आईशी बोलायचं म्हटलं की तिच्या जिभेला कुलूप लागायचं. रविवारी रोवेनाला सुट्टी. दुपारी फोन यायचा, पडद्यावर रोवेनाचा चेहरा.

"जेवलीस, इंदाय?" इंदाय म्हणजे लाडकी पोर, आमच्याकडे मुलींना तसंच म्हणतात.

"हो."

"शाळा कशी चाललीय?"

"बरी."

"मा ची आठवण येते का?"

"हो."

आणि फोन माझ्या हातात. रोवेना हसू टिकवून धरायची, फोन माझ्याकडे येईपर्यंत. मग ते गळून पडायचं. मी तिला म्हणायची, वयच तसं आहे गं, होईल ठीक. फाउस्तो मात्र तिथून उठून मागच्या अंगणात कोंबड्याकडे जायचा. त्याला ते ऐकवायचं नाही. कारण हेच सगळं त्यानं आधी भोगलेलं होतं. बोटीवरून महिनोन्महिन्यांनी घरी यायचा, तेव्हा लहानगी रोवेना त्याला अशीच हो-नाहीवर उत्तरं द्यायची आणि माझ्या मागे लपायची.

एका रविवारी रोवेनानं गंमत म्हणून सांगितलं, की मालकिणीच्या धाकट्या मुलाला खेळायला जोडीदार हवा असतो, म्हणून त्यानं तिला कॉम्प्युटरवरचा एक खेळ शिकवलाय. चौकोनी ठोकळ्यांचं जग. जमीन खणायची, झाडं तोडायची, घरं बांधायची. "काल मी उकळत्या दगडात पडून मेले," ती म्हणाली.

थेयानं मान वर केली. "तू खेळतेस?"

"शिकतेय. वाईट खेळते."

"माझ्याकडे कॉम्प्युटर असता ना मा, तर मी तुझ्याबरोबर खेळले असते. मी तुला पडू दिलं नसतं."

कित्येक वर्षांत आईशी एवढं लांब वाक्य ती बोलली नव्हती. रोवेना काहीतरी पुटपुटली आणि फोन बंद झाला. नेटवर्क गेलं असं ती नंतर म्हणाली. नेटवर्क कसलं जातंय.

गल्लीच्या टोकाला जिंकीचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पेटीत नाणं टाकायचं, की यंत्र थोडा वेळ चालतं. तिथं एकदा करून पाहिलं. रोवेनानं मालकिणीकडून संध्याकाळचा तास मागून घेतला होता. थेया कानाला हेडफोन लावून बसली आणि म्हणाली, "मा, ऐकू येतंय का?" त्याबरोबर दुकानातली सगळी टारगट कार्टी एका सुरात, "मा, ऐकू येतंय का?" करून ओरडली. पोरगी लालेलाल झाली. पेटीतलं नाणं संपायच्या आत उठून घरी आली आणि पुन्हा म्हणून त्या दुकानात पाऊल टाकायला तयार नाही. म्हणजे यंत्र हवं तर ते घरातच हवं, हे ठरलं.

तेवढ्यात देव पावला. मालकिणीचा थोरला मुलगा शिकायला बाहेर गेला, त्याचा जुना कॉम्प्युटर घरात अडगळ होऊन पडला होता. रोवेनानं धीर करून मागितला, बाईनं दिला. त्या बाईला मी पाहिलेलं नाही, पण रोज रात्रीच्या प्रार्थनेत तिचं नाव घेते. रोवेनानं तो आमच्याकडे धाडला, त्या खोक्यातून.

खोक्याचं काय सांगू? परदेशी गेलेलं आमच्याकडचं प्रत्येक माणूस घरी मोठा खोका पाठवतं. महिनोन्महिने तो खोलीच्या कोपऱ्यात उघडा असतो आणि भरत जातो. साबण, टॉवेल, डब्यातलं मांस, चॉकलेट. बोटीनं येणाऱ्या खोक्याचं भाडं खोक्यावर असतं, वजनावर नाही. म्हणून त्यात बोटभर रिकामी जागा सोडणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. बुटाच्या आत मोजे, मोज्याच्या आत टूथपेस्ट. रोवेना या कामात पटाईत.

खोका आला तेव्हा फाउस्तोनं चाकूनं पट्ट्या कापल्या. मधोमध, टॉवेलांत आणि जीन्समध्ये गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं ते काळं कपाट. उचलायला गेला तर हलेना.

"केवढं जड गं! आत खरंच इंजिन आहे की काय?" तो ओरडला.

मी म्हटलं, "जड आहे म्हणजे चांगलं असणार."

स्क्रू काढून त्यानं बाजूचा पत्रा सरकवला आणि आतून एक डबा घरंगळून माझ्या पायावर आला. कॉर्न्ड बीफ. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. मग अंगाला लावायच्या लोशनची फुटलेली बाटली, बायकांचे मोजे, टूथपेस्टच्या नळ्या, वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट. कॉम्प्युटरच्या पोटात एवढी रिकामी जागा बघून माझ्या लेकीला राहवलं नव्हतं! मी पोट धरून हसले. हसता हसता थेयाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. डब्यांच्या मागच्या हिरव्या पाटीकडे बघत होती. पाटी बशीसारखी चिरली होती, एक कोपरा तुटून लोंबत होता आणि सगळ्यावर गुलाबाच्या वासाचं लोशन थापलेलं होतं. समुद्रात बोट हलली असेल तसतसे ते डबे आत नाचले असणार.

जिंकीला बोलावलं. ती बाई बोलायला फटकळ पण मनानं लोणी. वाकून बराच वेळ पाहिलं तिनं, मग एक डबा उचलला.

"नोंग, हा डबा तेवढा शाबूत आहे. आज रात्री भाताबरोबर खाऊन टाका."

"थट्टा नको, डाय," फाउस्तो म्हणाला; इंदायचंच हे आखूड रूप. "जिवंत आहे की गेला?"

"मदरबोर्ड गेला. ही हिरवी पाटी. तिच्यावरच सगळं बसतं. वीज देणारी पेटी लोशन पिऊन मेलीय. डिस्क आणि प्रोसेसर वाचलेत. पण या प्रोसेसरला त्याच्याच जातीचा बोर्ड हवा, भलत्यावर बसणार नाही."

"म्हणजे कप्तान जिवंत, बोट बुडाली."

"तसं म्हणा. आणि बोट मिळाली तरी खेळ ओढेल एवढी ताकद यात पहिल्यापासूनच नाही. मेमरी वाढवा, वेगळं ग्राफिक्स कार्ड घाला. नाहीतर खेळ अडखळत चालेल आणि पोरगी वैतागेल."

त्या रविवारी रोवेनाचा फोन. पडद्यावर चेहरा नुसता फुललेला. तिनं बापाला विचारलं, "ताताय, पोचला? चालतोय?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आमचा भोंगा वाजला. "झकास! काय यंत्र आहे! अगदी बोटीच्या इंजिनासारखं!"

"खरंच? थेया, चालतोय ना?"

थेयानं आजोबाकडे पाहिलं. "हो, मा."

"मग इंदायच्या वाढदिवसाला आपण पहिल्यांदा खेळायचं. त्या रविवारी मालकीण मला संध्याकाळभर कॉम्प्युटर देणार आहे. मी विचारून ठेवलंय."

फोन ठेवल्याबरोबर मी फाउस्तोवर तुटून पडले. "थोबाड आहे की गटार? खोटं बोललास ते बोललास, पोरीलाही बोलायला लावलंस! आता वाढदिवसाला काय दाखवणार, कॉर्न्ड बीफ?"

"खरं सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं?" त्यानं विचारलं.

काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. सावकाराकडून उचलून तिनं नवा पाठवला असता, आणि घरी यायची तिची तारीख आणखी पुढे गेली असती. शिवाय आपल्याच हातानं पोरीची वस्तू मोडली, हे तिच्या मनाला कायमचं लागलं असतं. त्या डब्यांत तिचा जीव होता हो. प्रत्येक डबा भरताना तिच्या डोळ्यासमोर आमची जेवायची वेळ असणार.

"रोवेना लहान असताना मला तिच्याशी बोलायचं कसं ते जमलं नाही," फाउस्तो म्हणाला. हा माणूस हळू आवाजात बोलला, म्हणून मी नीट ऐकलं. "त्या दोघींना एक वाट सापडलीय. ती मी बुजू देणार नाही."

मग त्यानं कंबर कसली. जपानहून जुनं सामान येतं त्या गुदामात तो आणि थेया चकरा मारू लागले. तिथं सायकली, कपाटं, शिवणयंत्रं आणि बंद पडलेल्या कचेऱ्यांतले कॉम्प्युटर ढिगानं पडलेले असतात. थेयानं प्रोसेसरचं नाव हातावर पेननं लिहून घेतलं होतं. ती बोर्ड शोधायची आणि हा बोर्ड उलटासुलटा करून हुंगायचा.

"लोलो, हुंगून काय कळतं?" ती आजोबाला विचारायची.

"जळका वास आला तर घ्यायचा नाही. इंजिनाचं तेच असतं."

बोर्ड मिळाला, एक मेमरीची पट्टीही मिळाली, वीजपेटीही त्यानं तिथलीच उचलली, सगळ्यात स्वस्त. जिंकी नको म्हणत होती, पण ऐकेल तो फाउस्तो कसला! त्या महिन्याची त्याची पेन्शन तिथंच संपली. आम्ही सुक्या माशावर आणि रोवेनाच्या डब्यांवर दिवस काढले. तक्रार म्हणून सांगत नाही. त्या जेवणाला चव होती.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. ते विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. जिंकीनं फोनवर जुन्या मालाच्या जाहिराती शोधल्या आणि एके दिवशी धावत आली.

"नोंग, हे ऐका. ओतोन गावचा मुलगा आहे, आर्विन नावाचा. कार्ड चांगलं आहे. तो लिहितो, पैसे द्या, नाहीतर बदल्यात फोन, मोटरसायकलचे भाग, किंवा झुंजीचा चांगला कोंबडा चालेल."

मी हसले. फाउस्तो हसला नाही. तो अंगणाकडे बघत होता.

तिथं हेनेराल बसला होता. आता या कोंबड्याबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. पहाट व्हायच्या आत आरवायचा, माझी मिरचीची रोपं उकरायचा. आणि फाउस्तो त्याचे लाड असे करायचा की काही विचारू नका. सकाळी उठून आधी त्याच्या तंगड्या चोळायच्या, मग स्वतःचा चहा. त्याला मक्याचे निवडक दाणे, मला दोन शब्द नाहीत. बोटीवरची नोकरी सुटल्यावर रिकाम्या हातांना काहीतरी हवं होतं त्याच्या, आणि अंड्यातून निघाल्यापासून तो कोंबडा त्या हातांत वाढला होता. एकही झुंज त्यानं अजून लढवली नव्हती. "तयार नाही तो," म्हणायचा. दरवर्षी हेच. मला ठाऊक होतं, तयार कोण नव्हतं ते.

"फाउस्तो," मी म्हटलं, "दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय आहे आपल्याकडे?"

आर्विन मोटरसायकलवरून आला. जिंकीच्या दुकानात भेट ठरली. बिचाऱ्यानं कॉम्प्युटरवर ती डिजिटल नाणी तयार करायचा धंदा घातला होता, विजेच्या बिलानं त्याला खाऊन टाकलं आणि आता एकेक कार्ड विकत बसला होता. जिंकीनं कार्ड आपल्या यंत्रात बसवून खेळ लावला. फाउस्तोनं डावा कान पंख्याशी नेला. "घरघरतंय, पण छातीत जोर आहे," म्हणाला. मग कोंबड्याची पाळी. शेजारचा कोंबडा आणला, दोघांच्या नख्यांना कापडाच्या टोप्या चढवल्या आणि गल्लीत सोडलं. हेनेरालनं एका उडीत शेजारच्याला फुलांच्या कुंडीमागं पळवलं. मुलाचे डोळे चमकले.

"घेतो, नोंग."

"थांब. एक अट आहे. याला झुंजीत उतरवायचं नाही. कोंबड्यांमध्ये सोड, वंश वाढव."

"नोंग, पण झुंजीचा कोंबडा—"

"मग कार्ड तुझं, कोंबडा माझा. नमस्कार."

आर्विननं हेनेरालच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझ्या बापाकडे कोंबड्या आहेत. दिला शब्द." जिंकी पुटपुटली, शब्दावर काय विश्वास ठेवायचा. पण त्या मुलानं पुढं फोनवर हेनेरालचे फोटो पाठवले, पिल्लांच्या घोळक्यात उभा असलेला. मोठ्या मनाचा निघाला पोरगा. देव त्याच्या घरी भरभराट करो.

कोंबडा दिला त्या संध्याकाळी मी तुरीचे दाणे, डुकराचं मांस आणि फणस घालून फाउस्तोच्या आवडीचं कालवण केलं. त्यानं दोनदा भात घेतला आणि म्हणाला, "उद्या सकाळी झोप लागेल तुला." मला मुळीच लागली नाही. न आरवता उजाडलेली ती पहिली सकाळ मला खायला उठली.

जोडणीचे दिवस मजेचे होते. टेबलावर जुनं फडकं अंथरावं तशी त्यानं माझी स्वच्छ चादर अंथरली. कार्डाचे पंखे सुटे केले आणि माझ्याच दात घासायच्या ब्रशनं त्यातली धूळ काढली. मी बोंब मारली तर म्हणतो, "तुझे दात मोजकेच राहिलेत, याला तीन पंखे आहेत." लोशन मात्र शेवटपर्यंत निघालं नाही. यंत्र तापलं की अजून खोलीभर गुलाबाचा वास सुटतो. थेया त्याला मा चा वास म्हणते.

आजोबा-नातीचं सारखं वाजायचं. "लोलो, उलटं लावतोयस!" "मी उलटं लावत नाही, भोकच उलटं आहे!" सगळं बसलं. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. थेयानं टाळ्या वाजवल्या. तिनं खेळ सुरू केला, डोंगर दिसले, झाडं दिसली आणि धप्प. सगळं काळं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. वाढदिवस दोन दिवसांवर.

थेया उठली आणि भांडी घासायला गेली. तिचं ते न बोलणं मला चांगलं ठाऊक होतं.

जिंकी आली, तिनं वीजपेटीवर टिचकी मारली. "सांगितलं होतं ना? हिला कार्डाचं ओझं पेलत नाही. खेळ सुरू झाला की जीव सोडते. मोठी पेटी हवी."

फाउस्तोनं हात पुढं केले. काळे, तेलानं कायमचे डागाळलेले हात, आणि रिकामे. एवढा मोठा माणूस स्टुलावर बसला आणि रडला. मोठ्या आवाजाच्या माणसाचं रडणं बिनआवाजाचं असतं, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात तेव्हा कळलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्याचा राग राग करायचा होता स्वस्त पेटी घेतल्याबद्दल, पण जमलं नाही.

जिंकी निघून गेली. जरा वेळानं परत आली ती काखेत एक पेटी मारून. आपल्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या यंत्राची वीजपेटी तिनं काढून आणली होती.

"ते यंत्र घेईल जरा विश्रांती," ती म्हणाली.

"डाय, तुझी कमाई आहे ती. मी हे कशानं फेडू?"

"माझ्या दुकानातले पंखे बघितलेत का कधी? कापूस पिंजल्यासारखी धूळ आहे. तुम्हाला तेल घालता येतं ना? मग या शनिवारी. आणि रडणं थांबवा आधी, पोरीचा वाढदिवस आहे."

फाउस्तो त्या शनिवारी गेला. पुढच्या शनिवारीही गेला. अजून जातो. तिथूनच लोक त्याला कॉम्प्युटरवाला समजायला लागले. पण जिंकीचं ते येणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. ज्या दुकानातून माझी नात लालेलाल होऊन घरी आली होती, त्याच दुकानातून हे देणं चालून आलं.

वाढदिवसाच्या दिवशी मी आयुष्य लांब व्हावं म्हणून करतात त्या लांब शेवया केल्या. शेजारच्या नेनितानं खिडकीतून इंटरनेटची तार दिली आणि वर केक दिला. संध्याकाळी थेया यंत्रापुढं बसली, हेडफोन लावला. आम्ही दोघं दाराच्या चौकटीत. आत जायची हिंमत होईना. रोवेनाचा आवाज हेडफोनमध्ये, त्यामुळे आम्हाला ऐकू येत होती ती फक्त थेया.

"आले मी. दिसतेय का? निळा सदरा घातलाय मी." मग जरा वेळ काही नाही. मग, "अगं मा, तिकडं नको! तिथं खड्डा आहे! मागं हो, मागं!"

फाउस्तोनं माझा दंड घट्ट धरला.

"लाकडं कुठायत तुझ्याकडे? एवढीच? इतका वेळ काय केलंस तू? बरं, मी देते. नाही, ते दार आहे, खिडकी नाही. कोण शिकवतं गं तुला? तो? त्याला काही येत नाही."

सातासमुद्रापलीकडच्या आईला माझी नात रागावत होती! माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पोरं आईवर अशी कधी रागावतात? आई घरात असली की. मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. त्या अनोळखी मालकिणीचे, जिंकीचे, ओतोनच्या पोराचे आणि माझ्या या बहिऱ्या नवऱ्याचे, ज्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून त्यानं तोंड फिरवून डावा कान खोलीकडे लावला होता.

घर उभं राहत होतं. पडद्यावर दोन छोटी माणसं, एक निळं, एक तांबडं, ठोकळ्यावर ठोकळा रचत होती. मग तांबडं दगड खणून आणायला दूर एका टेकडीकडे गेलं. थेया एकदम थांबली. की-बोर्डवरचे हात तसेच राहिले.

"मा," ती म्हणाली, "तू कधी येणार?"

हा प्रश्न तिनं कधी विचारलेला नव्हता. लहानपणीसुद्धा नाही. आम्ही वाट बघायचो की कधीतरी विचारेल, आणि घाबरायचोही. रोवेनानं काय उत्तर दिलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. थेया नुसती ऐकत होती. पडद्यावरचं तांबडं माणूस दूर त्या टेकडीपाशी निश्चल उभं होतं, हातात फावडं घेऊन.

"रडू नकोस ना, मा," थेया म्हणाली. "ऐक. तिथंच थांब. हलू नकोस. मी येते तुझ्याजवळ."

निळं माणूस धावत सुटलं. नदी आली, झाडी आली, टेकडी आली. गुलाबाचा वास खोलीभर पसरला होता, पंखे जोरात फिरत होते आणि फाउस्तो डोळे मिटून त्यांचा आवाज ऐकत होता. यंत्र एकदाही अडखळलं नाही.